दूधबहीण

"दार लाव आधी. दार लाव, मग काय ते कर."

सासूचा हा आवाज चंद्रकलाच्या कानात अजून तसाच आहे. मोठा नव्हता तो. दूध उतू जायला लागलं की बाई जशी घाईनं फुंकर घालते, तसा दबलेला, लगबगीचा. सासू जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तो आवाज काही गेला नाही. आजही घरात कुणी अचानक आलं की चंद्रकलाचा हात आपसूक छातीवरचा पदर चाचपतो.

त्या दिवशी भर दुपार होती. संस्थानच्या जुन्या प्राणिबागेमागं कर्मचाऱ्यांची चाळ होती, तिच्यातल्या शेवटच्या खोलीत चंद्रकला भिंतीला पाठ टेकून बसली होती. तिच्या एका मांडीवर शिवतेज होता, जेमतेम महिन्याचा. दुसऱ्या मांडीवर त्याच्याहून थोडं धाकटं चिंपांझीचं पिल्लू होतं. त्याची आई बाळंतपणात गेली होती, आणि चंद्रकलाच्या नवऱ्यानं, भिकाजीनं, बागेतला राखणदार म्हणून ते टॉवेलात गुंडाळून उबेला घरी आणलं होतं. दोघंही डोळे मिटून पीत होती. पिल्लाची लांब काळी बोटं शिवतेजच्या टाळूवर पसरली होती, झाडाची सावली पडावी तशी.

सासू दारात थबकली. ती काही कठोर बाई नव्हती. चाळीतल्या बायका गवत कापायला गेल्या की त्यांची रडती पोरं हिनं आपल्या अंगावर पाजली होती. ती पोरं मोठी झाली, मिशा आल्या, तरी दिवाळीला येऊन "दूधआई" म्हणून तिच्या पाया पडायची आणि चोळीचा खण ठेवून जायची. त्याचा तिला केवढा अभिमान! पण आज तिनं चौकटीला धरून नुसतं पाहिलं, आणि तोंडावर हात घेतला.

"अगं, जनावर ते," ती म्हणाली. "माणसाचं असतं तर मीच खण दिला असता तुला. उद्या हे बाहेर फुटलं तर तुझ्या लेकाला बायको मिळंल का? आं? माकडिणीच्या ताटातलं उष्टं खाल्लेला पोरगा म्हणत्याल."

तेव्हापासून ते दार लागलं. भिकाजीला ठाऊक होतं, पण तो त्याविषयी कधी बोलला नाही. पिल्लाचं नाव ठकी पडलं, कारण लाकडी ठकी-बाहुलीसारखेच तिचे डोळे गोल आणि वटारलेले होते. दाराआड, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, चंद्रकला गुणगुणायची:

एका मांडीवर ऊन, एका मांडीवर रात
दोघांनी धरियेला माझा एकला गं हात

ठकी तिसऱ्या वर्षात होती तेव्हा बाग बंद झाली. प्राणी कुठं कुठं गेले, आणि ठकीला 'जीवसेतू' नावाच्या औषध कंपनीनं नेलं. देखभालीसाठी, असं सांगून. गाडी निघाली तेव्हा चंद्रकला फाटकापर्यंतही गेली नाही. चाळीतल्या बायका बघत होत्या ना.

*

ॲडव्होकेट तहसीन मुल्ला पहिल्यांदा घरी आली तेव्हा चंद्रकला अंगणात शेवया वाळत घालत होती. भिकाजी चार पावसाळ्यांपूर्वी वारला होता. शिवतेजनं द्राक्षबागांवर फवारणीचे ड्रोन चालवून गावाबाहेर दोन खोल्या बांधल्या होत्या.

"मावशी, शेवया मोडू नका, मी इथंच बसते," म्हणत तहसीन पायरीवर टेकली. "ठकी आठवते तुम्हाला?"

चंद्रकलाच्या हातातली शेवयांची जुडी तुटली. "कोण ठकी?"

"बागेतली चिंपांझी."

"हां, ती. होती खरी. आमच्या ह्यांच्याकडं होती."

मग तहसीननं सगळं समजावून सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी देशात महाकपींचा कायदा झाला होता. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, बोनोबो हे यापुढं कुणाची मालमत्ता नाहीत, कायद्यापुढं ते 'व्यक्ती' आहेत, त्यांना विकता येणार नाही, कोंडता येणार नाही, त्यांच्यावर प्रयोग करता येणार नाहीत. त्यावरून केवढा गदारोळ झाला होता! माणसांपर्यंत अजून हक्क पोचले नाहीत आणि तुम्ही कपींच्या दारी निघालात, असं म्हणणारे होते, आणि त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. शेवटी कायदा झाला, पण त्यात एक फट राहिली. ज्या जीवाच्या अंगात प्रयोगशाळेत मानवी पेशी घातल्या असतील तो 'निर्मित जीव'. तो घडवणाऱ्याच्या मालकीचा.

आता अशी यंत्रं निघाली आहेत की रक्ताच्या एका थेंबातली एकेक पेशी वेगळी काढून ती कुणाची ते सांगतात. प्रयोगशाळेतली पोरं त्याला 'चाळण' म्हणतात. पिठातून खडा निघावा तसं ठकीच्या रक्तातून त्या चाळणीनं काहीतरी काढलं होतं. लाखांत एक, पण होत्या. माणसाच्या पेशी. एका बाईच्या.

"तज्ज्ञ म्हणतात, या पेशी जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच आत गेल्या असणार," तहसीन म्हणाली. "नव्या जिवाला आपलं कोण, परकं कोण ते कळत नसतं, मावशी. शरीर ते हळूहळू शिकतं. एकदा शिकलं की परक्याला मारून टाकतं. पण त्या आधी जो आत येईल तो घरचाच होऊन राहतो. आयुष्यभर."

चंद्रकला तुटलेल्या शेवया एकेक करून वेचत होती.

"कंपनी म्हणते, त्या पेशी आम्ही टोचल्या. बागेशी आमचा गुपचूप करार होता, ठकी जन्मली त्याच आठवड्यात टोचल्या. म्हणजे ती आमची. न्यायालयानं हे मानलं तर पुढच्या महिन्यात तिचं यकृत काढून तपासणार. ती जगणार नाही त्यात. आणि नाही मानलं, तर दक्षिणेत कपींसाठी राखलेलं जंगल आहे, तिथं जाईल. तिच्यासारख्या आणखी काहीजणी आहेत तिथं."

"मग मी काय करू त्यात?"

"त्या दिवसांत चाळीत राहणारं आज तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही. कुणी सुई घेऊन आलं होतं का? किंवा दुसरं काही... माणसाचं काही, तिच्या पोटात गेलं होतं का?"

"न्हाई," चंद्रकला म्हणाली. "काय जाणार?"

*

तरी तहसीननं तिला एकदा ठकीकडं नेलं. ओळख पटवायला जुनं माणूस हवं होतं. गाडी शिवतेजनं चालवली.

'जीवसेतू'चं आवार दवाखान्यासारखं स्वच्छ होतं. फरशीला फिनेलचा वास. एका लांबट खोलीत जाळी, आणि जाळीमागं कोपऱ्यात ठकी बसलेली. अंग भरलेलं, पाठीवर करडे केस, कपाळ उघडं पडलेलं. शिवतेजच्या वयाची, पण म्हातारी दिसत होती. खोलीत कंपनीचे दोन अधिकारी होते, एक राखणदार होता, आणि मोबाइलवर सगळं टिपणारी तहसीनची साहाय्यक होती.

ठकीनं मान वळवली. पाहिलं. मग अगदी सावकाश, जमिनीला हात टेकत, ती जाळीपाशी आली.

चंद्रकलाला वाटलं, ही ओरडणार. पण ठकी ओरडली नाही. तिनं जाळीतून दोन बोटं बाहेर काढली, चंद्रकलाच्या पदराची कड धरली, आणि हळूच बाजूला ओढली. खालचा ओठ पुढं आला, पन्हळीसारखा.

पाहणाऱ्यांना त्यात काही दिसलं नसेल. चंद्रकलाला मात्र त्या खोलीतल्या सगळ्यांसमोर आपण उघड्या पडलो असं वाटलं.

"हाट!" ती ओरडली. तिनं त्या बोटांवर फाडकन चापट मारली. "हो लांब! शी!"

राखणदार हसला. "आजी, साडी आवडली तिला तुमची."

शिवतेजही हसला. "बघ, आई, शंभर माणसांत तुझीच साडी पसंत पडली."

अधिकारी हसले. चंद्रकलाही हसली, तोंडाला पदर लावून. ठकीनं बोटं आत घेतली, थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिली, मग मागं सरकत कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. पुन्हा वळली नाही.

"ओळखतं का हो हे तुम्हाला?" एका अधिकाऱ्यानं विचारलं.

"कुठलं ओळखतंय," चंद्रकला म्हणाली. "जनावर ते."

परतीच्या वाटेवर तिच्या तळव्याची आग होत होती. हात मांडीखाली दाबून ती खिडकीबाहेर बघत बसली. द्राक्षांचे मांडव मागं पळत होते. लाज तिला नवी नव्हती. आयुष्यभर तिच्याच सोबतीनं राहिली होती ती. पण आजची लाज वेगळ्या बाजूनं आली होती, आणि तिच्यापासून तोंड कुठं लपवायचं ते चंद्रकलाला कळेना.

*

"मुल्ला बाई, माझंच दूध होतं ते," चौथ्या दिवशी तिनं फोन करून सांगितलं. "काढून द्यायची. बाटलीनं."

तहसीन तडक आली. परिचारिकेला घेऊनच आली आणि रक्त घेतलं. सुई काढल्यावर कापसाचा बोळा दाबत तिनं चंद्रकलाच्या डोळ्यांत पाहिलं.

"बाटलीनं, मावशी?"

"हां."

"आईच्या दुधात जिवंत पेशी असतात, हे खरं. बाळाच्या आतड्यातून त्या आत जातात, हेही खरं. चाळण सांगेल कुणाच्या ते. पण आत गेल्या कशा, ते तुम्हीच सांगायचं आहे. शपथेवर. जे घडलं तेच सांगा, मी दुसरं काही शिकवणार नाही."

"बाटलीनंच," चंद्रकला म्हणाली.

पेशी तिच्याच निघाल्या. बातमी वाऱ्यासारखी झाली. संध्याकाळी शिवतेज ड्रोनच्या बॅटऱ्या ओसरीवर टाकून आत आला आणि बूट न काढताच चुलीपाशी उभा राहिला.

"भिलवडीच्या पाहुण्यांचा फोन होता."

भिलवडीची मुलगी मोठ्या मुश्किलीनं ठरली होती. शिवतेजला नकार घेऊन घेऊन पोह्यांचीच शिसारी आली होती. ही एक मुलगी हसून म्हणाली होती, ड्रोनवाला चालेल, निदान आकाशाकडं बघतो. साखरपुडा तोंडावर आला होता.

"काय म्हणत हुते?"

"मुलीचे मामा होते. म्हणे, जावईबापू, तुमच्याकडं आहेर करताना नणंदेला साडी कुठल्या मापाची आणायची?"

चंद्रकलानं तव्यावर भाकरी टाकली.

"हसत होते गं सगळे मागं. मीपण हसलो. काय करणार?" तो खाली बसला. "मी म्हटलं, मामा, पावडरीचं दूध संपलं असंल, आईनं बाटलीत घालून दिलं असंल थोडं. पुण्याचं काम ते. तर म्हणाले, हां हां, बाटलीचं काय एवढं."

"मग झालं तर."

"आई, एक विचारू?" त्यानं वर पाहिलं. मग मान हलवली. "नको. नाही विचारत."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. चंद्रकलानं ती उलटली.

"त्या दिवशी मी हसलो तिकडं," शिवतेज म्हणाला. "पण बघितलंय मी. तिनं साडी नव्हती धरली." त्याचा आवाज खाली गेला. "खरं काय असंल ते असू दे. ते तुझ्यापाशीच असू दे. निदान माझं लग्न होईपर्यंत. बाटलीपर्यंत ठीक आहे, आई. त्याच्या पुढं जाऊ नकोस."

"न्हाई जात," ती म्हणाली. लेकाच्या पानात तिनं करपलेली भाकरी वाढली नाही, आपल्याकडं ठेवून घेतली.

*

न्यायालयाच्या दालनात पंखे नव्हते, पण गार होतं. कामकाज सगळीकडं थेट दाखवत होते. गावात ग्रामपंचायतीसमोर मोठा पडदा लावल्याचं तहसीन म्हणाली होती. न्यायमूर्ती एक बाई होत्या, करड्या केसांच्या. मागच्या बाकावर शिवतेज होता. शेजारी भिलवडीचे मामा, पांढरी टोपी मांडीवर घेऊन. मुद्दाम आले होते.

कंपनीचे वकील देशमाने अतिशय मऊ बोलायचे.

"नमस्कार, आजी. पाणी हवंय का? नको? बरं. आपण मोठ्या मनानं एका मुक्या जिवाला आपलं दूध दिलंत. बाटलीनं, असं म्हणालात."

"हां."

"बागेत पिल्लांच्या दुधाचे नियम कडक असतात. आपले यजमान नियमानं वागणारे होते, असं ऐकलंय."

"लई," चंद्रकला म्हणाली. "एक दिवस चुकायचे न्हाईत."

"म्हणजे दूध उकळून द्यायचे."

"उकळून, गार करून. बाटलीसुद्धा उकळायची."

"वा." देशमाने न्यायमूर्तींकडं वळले. "महोदया, दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांचं एका गोष्टीवर एकमत आहे. उकळलेल्या दुधात एकही पेशी जिवंत राहत नाही. म्हणजे आजींच्या बाटलीतून काहीच गेलेलं नाही. गेलं ते आमच्या सुईतून."

तहसीन उठली. "मग पेशी नेमक्या यांच्याच कशा?"

"सोपं आहे. आजींचं बाळंतपण त्याच महिन्यात झालं. बाळंतपणात वार पडते. तेव्हा वार कुणी सांभाळून ठेवत नसे. टाकून दिलेली ती वार आमच्या संशोधकांनी मिळवली. तिच्यातल्याच पेशी या." त्यांनी चंद्रकलाकडं पाहून हात जोडले. "आजी, आपल्या नकळत आपण विज्ञानाची सेवा केलीत."

दालनात कुजबूज झाली. तहसीन फक्त चंद्रकलाकडं बघत होती.

चंद्रकलाला क्षणभर वाटलं, सुटले. बाटली राहिली, लाज राहिली, शिवतेजचं लग्नही वाचलं. आता मान हलवायची आणि खाली उतरायचं. बाकीचं हे शिकलेले लोक बघून घेतील.

तिनं मागं पाहिलं. मामा टोपीवरची धूळ झटकत होते. शिवतेज जमिनीकडं बघत बसला होता, खांदे वर घेऊन, लहानपणी शाळेत कुणी मारलं की घरी येऊन बसायचा तसा. आणि त्याच्या त्या वाकलेल्या पाठीत तिला भिंतीकडं तोंड करून बसलेली दुसरी पाठ दिसली. करड्या केसांची. आपल्याच चापटीनं वळलेली.

दोघांनाही आपणच शिकवलं हे, तिच्या मनात आलं. तोंड फिरवून बसायला.

"बाई," न्यायमूर्ती म्हणाल्या, "तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?"

"बाटली खोटी," चंद्रकला म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकू गेला नाही. लेखनिकानं पुन्हा सांगा म्हणून खूण केली. तिनं कठड्याला दोन्ही हातांनी धरलं.

"बाटलीचं मी खोटं बोलले. मला शिक्षा करा त्याची. तिला मी अंगावर पाजली. माझ्या लेकाबरोबर. सव्वा वर्ष पाजली, दार लावून."

कुणीतरी फिसकन हसलं. न्यायमूर्तींनी नुसती नजर उचलली आणि हसू थांबलं. मामा उठून उभे राहिले, टोपी घातली आणि बाहेर गेले. दाराचा आवाज झाला. शिवतेज त्यांच्यामागं गेला नाही. त्यानं मान वर केली होती. चेहरा लाल होता, डोळे तिच्यावर होते.

देशमाने आता तितके मऊ राहिले नव्हते. "आजी, अंगावर? माणसाची बाई असं आपणहून करते? कुणी सांगितलं होतं तुम्हाला? यजमानांनी? बागेच्या डॉक्टरांनी? पैसे मिळाले होते का काही?"

"कुणी न्हाई."

न्यायमूर्ती थोड्या पुढं झुकल्या. त्यांनी मऊपणानं विचारलं, एखाद्या परक्या बाईला बसायला पाट सरकवावा तसं.

"पिल्लू बाटली घेत नसेल. मरायला टेकलं असेल. म्हणून त्याचा जीव वाचवायला तुम्ही हे केलंत. तसंच ना?"

तसंच, म्हटलं असतं तरी भागलं असतं. पेशींचा हिशेब जुळला असता. लोकांनी उद्या हारतुरे आणले असते, आणि मामाही कदाचित परत आले असते. ठकीचा जीव वाचवणारी थोर बाई. चंद्रकलानं तो सरकवलेला पाट पाहिला. त्याच्यावर बसावं असं तिला फार वाटलं.

"न्हाई, बाईसाहेब," ती म्हणाली. "बाटली घेत हुती की ती. चांगली घटाघटा प्यायची. मरायला बिरायला काही टेकली नव्हती."

"मग?"

"त्या दिवशी माझा लेक निजला हुता. शांत. तो न्हाई रडला." चंद्रकलानं पदर सावरला नाही. "ती रडली, अन् मला पान्हा फुटला."